पॅरालिसिसनंतर खांदा दुखतोय? सोनोग्राफीला जाण्याआधी हे वाचून घ्या

पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरात पहिले काही आठवडे सगळ्यांचं लक्ष पायाकडे असतं. उभं कधी राहणार, चालणार कधी, हेच प्रश्न. हात मांडीवर नुसता पडलेला असतो. मग हळूहळू खांदा बोलायला लागतो. रात्री त्या कुशीवर वळता येत नाही, ब्लाउज किंवा शर्ट घालताना कळ येते, फिजिओ आले की पेशंटच्या चेहऱ्यावर भीती दिसते. माझ्या आईला डाव्या बाजूचा पॅरालिसिस झाला तेव्हा आमच्याकडेही हेच झालं. डॉक्टरांनी कागदावर ‘खांद्याची सोनोग्राफी’ असं लिहून दिलं. ती कुठे करायची, कशी करायची, त्यातून काय कळणार आणि काय नाही, हे मात्र कुणी एका जागी बसवून सांगितलं नाही. ते इथे लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. औषध, इंजेक्शन, व्यायाम यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आणि फिजिओंचा. पण तपासणीची तयारी घरच्यांच्या हातात असते, आणि तपासणीतून किती उपयोगाचं हाती लागतं ते बरंचसं या तयारीवर ठरतं.

१. खांद्याला नेमकं काय होतं ते आधी समजून घ्या

खांद्याच्या सांध्याची खोबणी फार उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात टिकून राहतो तो भोवतालच्या स्नायूंच्या आणि टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, जोरावर. पॅरालिसिसनंतर सुरुवातीला हे स्नायू ढिले पडतात, हाताचं वजन मात्र तेवढंच राहतं. मग माथा खाली सरकतो. याला डॉक्टर सबलक्सेशन म्हणतात, आपण ‘खांदा उतरला’ म्हणतो. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली हलकेच बोट ठेवलं तर तिथे खळगा लागतो. कधी त्यात अख्खं बोट बसतं.

नंतर बऱ्याच जणांत उलट होतं. स्नायू आखडतात, दंड छातीशी चिकटतो, कोपर वाकतं, पंजा आत वळतो. अशा आखडलेल्या हाताला जोर लावून वर नेलं की आतले टेंडन आणि बर्सा नावाची पातळ पिशवी हाडाखाली चिमटली जाते. सांध्याचं आवरण घट्ट होऊन खांदा गोठू शकतो. म्हणजे ‘खांदा दुखतो’ या एका तक्रारीमागे चार-पाच वेगवेगळी कारणं असू शकतात, त्यांवरचे उपाय वेगवेगळे असतात, आणि एकाच माणसात दोन-तीन कारणं एकत्रही असतात. सोनोग्राफी करायची ती यातली काही कारणं वेगळी काढण्यासाठी.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढच्या सगळ्यापेक्षा ती तातडीची आहे. उतरलेला खांदा ‘बसवून घ्यायला’ कुणाकडेही नेऊ नका. गावाकडे हाडवैद्याचं नाव हमखास सुचवलं जातं. हा खांदा पडून निखळलेला नसतो, स्नायू ढिले झाल्यामुळे उतरलेला असतो. झटका देऊन तो बसवला तरी धरून ठेवणारा स्नायूच झोपलेला असल्यामुळे पुन्हा उतरणार, आणि ओढाताणीत टेंडन फाटेल, नस ताणली जाईल ते वेगळंच. जोरजोरात दंड ओढून केलेल्या मालिशचंही तेच.

२. फिजिओंचा अल्ट्रासाऊंड आणि ही सोनोग्राफी वेगळी

हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक घरात होतो. फिजिओंच्या क्लिनिकमध्ये एक लहान मशीन असतं, गोल धातूचं टोक जेल लावून खांद्यावर फिरवतात, आणि त्यालाही अल्ट्रासाऊंडच म्हणतात. तो उपचार आहे. त्यात पडद्यावर चित्र दिसत नाही आणि खांद्याच्या आत काय आहे तेही कळत नाही. ‘अल्ट्रासाऊंड झालाय आमचा’ असं सांगून निदानाची तपासणी पुढे ढकलू नका. तुम्हाला हवी आहे ती खांद्याची निदानासाठीची सोनोग्राफी. रेडिओलॉजिस्ट तिला मस्क्युलोस्केलेटल (स्नायू आणि हाडांची) किंवा थोडक्यात ‘एमएसके’ सोनोग्राफी म्हणतात. फोनवर हाच शब्द वापरा, म्हणजे समोरच्याला लगेच कळतं.

३. चिठ्ठी नीट लिहून घ्या

चिठ्ठी न्यूरॉलॉजिस्ट, हाडांचे डॉक्टर किंवा पीएमआर, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशनचे डॉक्टर देऊ शकतात. या तिसऱ्या शाखेची आपल्याकडे फारशी माहिती नसते, पण पॅरालिसिसनंतरचा खांदा हा त्यांच्या रोजच्या कामाचा विषय आहे. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे याच विषयाचे तज्ज्ञ बसतात. मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग आहे का ते विचारून पाहा.

‘यूएसजी शोल्डर’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी अर्धवट असते. डॉक्टरांना विनंती करून या गोष्टी लिहून घ्या: पॅरालिसिस कोणत्या बाजूचा आणि कधीचा, हात सध्या ढिला आहे की आखडलेला, दुखणं कधीपासून, मधे पडझड झाली होती का, आणि कशाची शंका आहे. शेवटची ओळ महत्त्वाची: ‘दोन्ही खांदे, तुलनेसाठी.’ का ते सातव्या मुद्द्यात येईल.

पेशंट पडला असेल तर सोनोग्राफीआधी एक्स-रेचं विचारा. फ्रॅक्चर आणि हाडांची झीज बघायला एक्स-रेच लागतो.

मनात शंका असेल की ही तपासणी खरंच लागते का, तर अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांच्या २०१६ च्या पुनर्वसनविषयक मार्गदर्शक सूचनांत खांद्याच्या मऊ भागांची इजा ओळखण्यासाठी सोनोग्राफीचा विचार करता येईल, असं म्हटलं आहे. ‘करता येईल’, ‘केलीच पाहिजे’ नव्हे. दुखणं आहे, किंवा हात लावून तपासल्यावर काही प्रश्न उरले आहेत, तेव्हा ती करायची. खांदा दुखत नसताना ‘एकदा बघून घेऊ’ म्हणून करायची ही तपासणी नाही.

४. सेंटर निवडताना फोनवर काय विचारायचं

प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये खांदा होत नाही. अनेक ठिकाणी पोट आणि गरोदरपणाच्याच तपासण्या रोज होतात. खांद्यासाठी जास्त फ्रिक्वेन्सीचा सरळ, लिनिअर प्रोब (अंगावर टेकवून फिरवायचं मशीनचं टोक) लागतो आणि तो धरणारा हात सरावाचा लागतो. कारण प्रोब टेंडनला अगदी काटकोनात टेकला नाही, जरासा जरी कलला, तर धडधाकट टेंडनही पडद्यावर काळा दिसतो आणि फाटल्यासारखा भासतो. म्हणून जवळचं सेंटर बघण्यापेक्षा रोज खांदे बघणारे डॉक्टर कुठे आहेत ते शोधा. हाडांच्या डॉक्टरांना विचारलं की नाव लगेच मिळतं.

फोनवर विचारा: एमएसके सोनोग्राफी करणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात? दोन्ही खांद्यांचे पैसे वेगळे लागतात का? लिफ्ट आहे का, व्हीलचेअर आत जाते का? पेशंट बसून तपासता येईल का? पॅरालिसिसचा पेशंट आहे, वेळ जास्त लागेल, हे आधीच सांगा आणि गर्दी नसलेली वेळ मागून घ्या.

‘मशीन घरी आणून करा, जादा पैसे देतो’ असं म्हणून पाहणारे बरेच असतात. ते जमत नाही, आणि त्यात सेंटरवाल्यांचा आडमुठेपणा नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ साली झालेल्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली सोनोग्राफीचं मशीन नोंदणी केलेल्या जागेशी बांधलेलं असतं. खांद्यासाठी असलं तरी ते उचलून कुणाच्या घरी नेता येत नाही. पेशंटला अजिबात हलवता येत नसेल तर रुग्णालयात दाखल असतानाच ही तपासणी उरकून घेता येते का ते विचारा.

आणखी एक सापळा. रिसेप्शनवरून सवयीने ‘उपाशी या, भरपूर पाणी पिऊन या’ असं सांगितलं जातं. ती सूचना पोटाच्या सोनोग्राफीची. खांद्यासाठी उपाशी राहायची, लघवी रोखून धरायची काहीही गरज नसते. मधुमेहाच्या पेशंटला, त्यातून इन्सुलिनवर असलेल्या पेशंटला, विनाकारण उपाशी नेणं धोक्याचं आहे. खाऊन, रोजच्या गोळ्या रोजच्या वेळी घेऊन जा. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असली तरी नुसत्या सोनोग्राफीला काही अडचण नाही.

५. सोबत काय न्यायचं

- डॉक्टरांची चिठ्ठी आणि ओळखपत्र
- डिस्चार्ज कार्ड (पॅरालिसिसची तारीख आणि बाजू त्यात असते)
- सुरू असलेल्या औषधांची यादी
- खांद्याचा एक्स-रे किंवा आधीची सोनोग्राफी झाली असेल तर फिल्मसह
- खांद्याला स्लिंग (हात गळ्यात अडकवायची झोळी) लावत असाल तर ती
- दोन उशा, एक जुना टॉवेल
- लक्षणांची चिठ्ठी: कधी दुखतं, कुठे दुखतं, रात्री झोपमोड होते का, कोणत्या हालचालीला कळ येते

लक्षणांची चिठ्ठी टाळू नका. ज्यांची वाचा गेली आहे त्यांच्या वतीने बोलणारी तीच.

६. कपडे

दोन्ही खांदे पूर्ण उघडे करावे लागतात. बायकांनी पुढून बटणांचा सैल गाऊन घालावा, घट्ट बाह्यांचा ब्लाउज नको. पुरुषांनी पुढून उघडणारा शर्ट आणि आत बिनबाह्यांची बनियन. डोक्यावरून काढायचा टी-शर्ट अजिबात नको. कपडे घालताना लुळा हात आधी, काढताना लुळा हात शेवटी. घरी रोज पाळायचा हा नियम आहे, पण घाईत, दुसऱ्याच्या जागेत, बाहेर पुढचा पेशंट थांबलेला असताना तो विसरला जातो.

७. तपासणीच्या खोलीत

घरच्यांपैकी एकाने आत राहायची परवानगी मागा. सहसा मिळते.

पेशंट बसलेला हवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, खुर्चीला हात नसलेले किंवा काढून ठेवता येणारे. तोल जात असेल तर तुम्ही लुळ्या बाजूला उभे राहा आणि कमरेपाशी आधार द्या, काखेत हात घालून नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खांदा किती उतरलाय हे बघायचं असेल तर ते माप हात मोकळा लोंबत असतानाच घ्यायला हवं. पेशंट आडवा असेल, हाताखाली उशी असेल किंवा स्लिंग गळ्यात असेल, तर दंडाचा माथा वर उचलला जातो आणि फट झाकली जाते. रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि घरी आल्यावर बोट मात्र खळग्यात जातं. म्हणून स्लिंग काढा, उशी काढा, आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हात लोंबता ठेवून माप घेणार ना?’ माप झालं की लगेच हाताखाली उशी परत ठेवा, फार वेळ लोंबता ठेवू नका. बाकीची तपासणी हात आधारावर ठेवून होते.

हे माप खांद्याच्या टोकाच्या हाडापासून, म्हणजे अ‍ॅक्रोमियनपासून, दंडाच्या माथ्यावरच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर असतं. प्रत्येकाच्या अंगकाठीप्रमाणे ते कमी-जास्त असतं, म्हणून एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. चांगल्या खांद्याचं माप शेजारी असेल तर फरक दिसतो. आईच्या वेळी डॉक्टरांनी आधी उजवा खांदा घेतला, पडद्यावर दोन्ही हाडांच्या पांढऱ्या कडांवर दोन खुणा टेकवल्या आणि मधलं अंतर वाचून दाखवलं. मग डावा. दुसरी कड शोधायला प्रोब बराच खाली न्यावा लागला. तेवढ्यावरून, आकडा न वाचताच, आम्हाला कळलं.

त्यानंतर टेंडन एकेक करून बघतात. पुढची अवघड नावं खांद्याभोवतीच्या स्नायूंची आहेत. हात मांडीवर, तळवा वर, असा ठेवून पुढचा बायसेप्सचा टेंडन. कोपर कमरेशी ठेवून पंजा बाहेर वळवून सबस्कॅप्युलॅरिस. हात मागे, पँटच्या मागच्या खिशात घातल्यासारखा नेऊन सुप्रास्पायनेटस, कारण सरळ बसल्यावर तो हाडाच्या आड जातो. हात समोरून दुसऱ्या खांद्यावर ठेवून मागचा इन्फ्रास्पायनेटस. धडधाकट माणूस हे सहज करतो. आखडलेल्या हाताला यातलं निम्मंही जमत नाही, विशेषतः पंजा बाहेर वळवणं आणि हात मागे नेणं.

इथे घरच्यांनी ठाम राहायचं. हात जितका सहज जाईल तितकाच न्यायचा. चांगले डॉक्टर वाट बघतात. बोटं सैल पडली, श्वास खाली बसला की मगच हात थोडा पुढे नेतात. कुणी जोर लावत असेल तर ‘थांबा’ म्हणा. ज्यांच्या त्या बाजूची संवेदना गेली आहे त्यांना दुखतंय हेही कळत नाही, आणि ओढाताणीची इजा दुसऱ्या दिवशी दिसते. काही पेशंटचं, विशेषतः डावी बाजू गेलेल्यांचं, त्या बाजूकडे लक्षच जात नाही. हात कुठे पडलाय याचं भान त्यांना नसतं. हे आधीच सांगा. वाचा गेलेल्या पेशंटसाठी खूण ठरवून घ्या: दुखलं की चांगल्या हाताने टेबलावर थाप. आणि चेहऱ्यावर नजर ठेवा, कारण डॉक्टरांची नजर पडद्यावर असते.

हात पुरेसा वळला नाही म्हणून एखादा टेंडन नीट दिसला नसेल तर तसं रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. ‘हालचाल मर्यादित असल्यामुळे अमुक भाग पूर्ण दिसला नाही’ ही ओळ पुढच्या डॉक्टरांच्या फार उपयोगाची असते. न दिसलेल्या भागापुढे ‘नॉर्मल’ लिहिलेलं असण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

जेल थंड असतं, आखडलेला स्नायू त्या थंडाव्याने दचकतो. कोमट करून लावता येईल का ते विचारा. दोन्ही खांद्यांना अर्धा तास तरी धरून चला.

८. रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट इंग्रजीत असतो आणि शब्द घाबरवणारे असतात. नेहमी येणारे काही असे.

बायसेप्सच्या आवरणात पाणी, म्हणजे ‘इफ्यूजन’: पॅरालिसिसच्या खांद्यात हे बऱ्याचदा दिसतं. हे आवरण खांद्याच्या सांध्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे पाणी सांध्यातूनही उतरलेलं असू शकतं. बायसेप्सच बिघडलाय असं त्यावरून ठरत नाही.

‘बर्सायटिस’: हाडाखालच्या पिशवीला सूज.

‘टेंडिनोसिस’: टेंडन जाड, झिजलेला.

‘पार्शल टिअर’, ‘फुल थिकनेस टिअर’: अर्धवट किंवा आरपार फाटलेला. हा शब्द वाचला की घरात ऑपरेशनची चर्चा सुरू होते. जरा थांबा. वय वाढतं तसे खांद्याचे टेंडन झिजतात, आणि अजिबात न दुखणाऱ्या खांद्यांतही असे टिअर सापडतात. तो पॅरालिसिसच्या कितीतरी आधीचा असू शकतो. चांगल्या खांद्यातही तसंच दिसलं असेल तर आत्ताच्या दुखण्याचं कारण बहुधा दुसरं आहे. तुलनेचा दुसरा फायदा हा.

रिपोर्टमधली चित्रं मोबाइलवर पाठवून चार जणांची मतं घेण्यात अर्थ नाही. ही तपासणी हलत्या पडद्यावर वाचायची असते. कागदावर आलेले तुकडे त्यातले निवडक असतात.

९. सोनोग्राफीत न दिसणारं

रिपोर्ट स्वच्छ आला म्हणजे दुखणं मनाचं, असं कृपा करून पेशंटला सांगू नका. गोठलेला खांदा मुख्यतः हाताने तपासून कळतो. स्नायूंचा ताठरपणा सोनोग्राफी मोजत नाही. मेंदूच्या इजेमुळेच होणारी वेदना, जळजळ, स्पर्शही सहन न होणं, हे तिथे दिसत नाही. सांध्याच्या खोल आतलं बघायला एमआरआय लागतो.

खांद्याबरोबर पंजा सुजला, लाल किंवा निळसर झाला, चमकायला लागला, बोटांना हात लावू देत नाही, असं असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. तो हातभर पसरणारा वेगळा त्रास असू शकतो आणि त्यावर लवकर उपचार सुरू झाले तर बरं. अख्खा हात अचानक सुजून गरम झाला तर शिरेत गुठळी नाही ना, हे बघावं लागतं. ताप आणि गरम सुजलेला खांदा, किंवा नव्याने बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, यात सोनोग्राफीची वेळ घेत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

१०. रिपोर्ट घेऊन पुढे कुठे

रिपोर्ट आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे आणि मग न चुकता फिजिओंकडे न्या. फाइलमध्ये ठेवून दिलेल्या रिपोर्टचा काही उपयोग नाही. फिजिओंच्या हातात पडल्यावर व्यायाम बदलतो. उतरलेल्या खांद्यासाठी विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू चेतवण्याचा उपचार असतो. ताठरपणामुळे दुखत असेल तर आखडलेला स्नायू सैल करणारं बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन सुचवलं जाऊ शकतं. बर्साची सूज असेल तर स्टेरॉइडचं. इंजेक्शन ठरलं तर दोन गोष्टी डॉक्टरांना स्वतःहून सांगा: मधुमेह असल्यास तो, कारण स्टेरॉइडने साखर काही दिवस चढते, आणि रक्त पातळ करणारी गोळी. ती गोळी मनाने बंद करायची नाही, पॅरालिसिस पुन्हा होऊ नये म्हणूनच ती दिलेली असते.

घरातल्या दोन सवयी याच दिवशी तपासा. एक, दाराच्या चौकटीला बांधलेली दोरी-पुली. चांगल्या हाताने ओढून लुळा हात डोक्यावर न्यायचा हा व्यायाम आपल्याकडे घरोघरी सांगितला जातो. वर उल्लेख केलेल्या २०१६ च्या सूचनांत तो करू नये असं स्पष्ट आहे, कारण त्यात पाठीचा पंखा (खांद्यामागचं पसरट हाड) वळत नाही आणि टेंडन हाडाखाली चिमटतो. फिजिओंशी बोलून ती काढून टाका. दुसरी, पेशंटला उठवताना लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढणं. कमरेला पट्टा बांधून तो धरायचा. रोज येणाऱ्या मावशींना, रात्रीच्या मदतनिसाला, भेटायला येऊन प्रेमाने हात ओढणाऱ्या पाहुण्यांना, सगळ्यांना हे सांगावं लागतं. आम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं होतं.

बसताना हात उशीवर किंवा व्हीलचेअरच्या ट्रेवर. स्लिंग किती वेळ लावायची ते फिजिओंना विचारा. दिवसभर गळ्यात अडकवून ठेवली तर हात आत वळलेलाच आखडतो.

दर महिन्याला सोनोग्राफी करत बसायची गरज नसते. पेशंट पडला, दुखण्याची जात बदलली, किंवा उपचाराने फरक पडला का ते डॉक्टरांना बघायचं असेल तर पुन्हा. तेव्हा शक्यतो त्याच डॉक्टरांकडे जा आणि जुन्या रिपोर्टमधली दोन्ही खांद्यांची मापं सोबत न्या. माप घेताना हात लोंबता होता हे त्याच रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवा.